बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई
पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला, एवढं सांगून आपण थांबतो. मला त्यापुढचा झगडा अधिक मोलाचा वाटतो. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद पेटला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. भटजींचं जोखड झुगारलेल्या बाईनं बिशपचं का घ्यावं? मांस-अंडी त्यांनी वर्ज्यच ठेवली, तर सिस्टरना त्यात जातीचा ताठा दिसला. किती अन्याय हा! क्रूसावरची लॅटिन अक्षरंही रमाबाईंना खटकली. संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे केडगावला स्वतः उभारलेलं मुक्ती मिशनही त्यांनी कुठल्याच एका पंथाच्या ताब्यात दिलं नाही. निरनिराळ्या पंथांची माणसं तिथे एकत्र राबली.