खासगीची जहागीर आणि मालिकेतील सासू-सून

ऐतिहासिक मालिकांविषयी आपल्या वर्तुळात बोलणे होते ते दोनच प्रसंगी. एखाद्या वाहिनीने राष्ट्रपुरुषाचा अवमान केला म्हणून निषेधपत्रक काढायचे असते तेव्हा, किंवा मालिका 'आपल्या' महापुरुषावर आहे म्हणून निर्मात्याचे अभिनंदन करायचे असते तेव्हा. ती मालिका चांगली होती का, त्या व्यक्तीचे मोठेपण तिने प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले का, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहतो. अहिल्यादेवींच्या जिल्ह्यातील एक नियमित प्रेक्षक या नात्याने तो मला विचारावासा वाटतो, आणि तोही आवडत्या मालिकांविषयीच. नावडत्या मालिकेसाठी शाई खर्च करण्याचे कारण नाही.

'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही हिंदी मालिका सोनी वाहिनीवर ४ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. 'दशमी क्रिएशन्स' ही मराठी मंडळींची निर्मितीसंस्था. जामखेड तालुक्यातील चौंडी हे गाव आणि माणकोजी शिंद्यांची ही लेक हिंदी प्रांतांतील घराघरांत पोहोचली, याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. छोट्या अहिल्येच्या भूमिकेत अदिती जलतारे हिने जो निरागस ठामपणा दाखविला आणि राजेश शृंगारपुरे यांनी मल्हाररावांचा जो दरारा उभा केला, तो विसरता येणार नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्याआधी तीन वर्षे आमच्या लहान मुलांना हे नाव कोणाचे, ते ठाऊक झाले होते. पाठ्यपुस्तकातील चार ओळींनी हे साधले नसते.

मग खंत कसली? खंत ही की अहिल्याबाई दाखविता दाखविता मालिका पुन:पुन्हा वाड्याच्या माजघरात अडकली. द्वारकाबाईंचे डाव, दाराआडून ऐकलेली बोलणी, एका गैरसमजावर ताणलेला आठवडा, प्रत्येक संवादानंतर पाच चेहऱ्यांवर फिरणारा कॅमेरा! 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेने २००० पासून वाहिन्यांना जे व्यसन लावले, ते नऊवारी नेसून होळकरांच्या वाड्यात शिरले. 'जय मल्हार'मध्येही म्हाळसा आणि बानूचा कलह असाच लांबत गेला होता. रोज भाग दाखवायचा, टीआरपी टिकवायचा, तर घरातले भांडण हा सर्वांत स्वस्त माल, हे व्यवहाराचे गणित समजते. परंतु होळकरांच्या घरातील सासू-सुनेची खरी कथा वाहिन्यांच्या साच्यातील कथेपेक्षा कितीतरी वेधक आहे.

१७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर दिली. दौलतीचा पैसा फौजेचा आणि राज्यकारभाराचा, खासगीचा पैसा गौतमाबाईंचा, अशी विभागणी झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी सुनेच्या हाती आली. १७६५ मध्ये मल्हारराव या विधवा सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे निघण्याविषयी आणि दारूगोळ्याच्या तरतुदीविषयी लिहीत होते. सासऱ्याने सुनेला लिहिलेली अशी पत्रे ज्या घरात आहेत, तेथे कारस्थानी सवतीची गरज पडावी?

पुढे अहिल्याबाईंचे देशभरातील धर्मकार्य झाले ते याच खासगीच्या बळावर. मंदिर बांधताना दौलतीच्या तिजोरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. औरंगजेबाने १६६९ मध्ये पाडलेल्या काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले, सोमनाथाला १७८३ मध्ये नवे देऊळ मिळाले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये पूर्ण झाले. आता जरा आपल्या जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहावे. काशीचे मंदिर पाडविणारा औरंगजेब १७०७ मध्ये मेला तो याच नगरात. आणि त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांनी, १७२५ मध्ये, याच जिल्ह्यातील चौंडीत ते मंदिर पुन्हा उभारणारी मुलगी जन्माला आली. असा योग पटकथेत कोणी लिहिला असता, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७ ते २०२०) या मालिकेचे आमच्यावर ऋण अधिक आहे. डॉ. अमोल कोल्हे यांचे राजकारण आमच्या पठडीतले नाही. तरीही जुन्या नाटकांनी बदफैली ठरविलेल्या छत्रपतींची प्रतिमा त्यांनी ज्या तळमळीने धुऊन काढली, तिला दाद न देणे हा कोतेपणा ठरेल. या मालिकेत सोयराबाई साकारणाऱ्या स्नेहलता वसईकरच पुढे गौतमाबाई झाल्या. रायगडावरचा वारसाहक्काचा संघर्ष इतिहासातच होता, म्हणून तेथे अंत:पुरातील नाट्य शोभले. तरी तेही फार ताणले गेले. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड, जेथे फेब्रुवारी १६८९ मध्ये शंभूराजे आणि कवी कलश यांना औरंगजेबापुढे आणले गेले, तो भीमाकाठचा भुईकोट आम्हाला एरवीही ठाऊक होता. या मालिकेनंतर मात्र तेथे पाय जड होतात.

दूरदर्शनच्या काळात चंद्रप्रकाश द्विवेदींनी 'चाणक्य' अवघ्या ४७ भागांत सांगितली. सेट आजच्या मानाने साधे, पण राष्ट्र म्हणजे काय, यावरचे संवाद तिने प्रेक्षकाला पेलतील असे गृहीत धरले. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या 'स्वामी'चेही तेच. ज्या माधवरावांनी राघोबादादांच्या मनाविरुद्ध अहिल्याबाईंच्या कारभाराला पाठिंबा दिला, त्यांची ती कथा.

तेव्हा 'दशमी'च्याच मंडळींना एक सुचवावेसे वाटते. १७६७ ते १७९५ ही अठ्ठावीस वर्षे, त्यांतले महेश्वर, तेथला घाट, विणकर, न्यायनिवाडे आणि मुलखावर चालून येणारे राघोबादादा, एवढेच घेऊन पन्नास भागांची मालिका मराठीत करावी. पहिल्या भागात तलवार नको, कारस्थानही नको. गौतमाबाईंनी सुनेला जवळ बसवावे, खासगीच्या जमाखर्चाची वही तिच्यापुढे ठेवावी आणि पहिली रक्कम मोठ्याने वाचायला सांगावे.