एकच वेदी, दोन दालने

ख्रिस्ती लोकांच्या 'नव्या करारा'त याकोबाचे पत्र म्हणून अवघ्या पाच अध्यायांचे एक लहानसे प्रकरण आहे. उपासनेसाठी जमलेल्या मंडळीत कोणी कोठे बसावे, ह्या प्रश्नाचा निवाडा त्याच्या दुसऱ्या अध्यायात इतक्या रोखठोकपणे केलेला आहे की, कोणाही कायदेपंडिताने तो आदराने वाचावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला आणि मळक्या वस्त्रांतील दरिद्रीही आला. पहिल्यास मानाचे आसन दिले व दुसऱ्यास पायांपाशी बसविले, तर असे करणारे कुबुद्धीचे न्यायाधीश होत, असे पत्रकर्ता स्पष्ट बजावतो.

हा निवाडा वाचणाऱ्यांनीच तो मोडल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. आजच्या तमिळनाडूतील वडक्कनकुळम ह्या गावी 1872 साली बांधलेल्या कॅथलिक देवळास दोन दालने होती. वेदी एकच, परंतु एका दालनात वेल्लाळ आणि दुसऱ्यात नाडार व इतर जातींचे ख्रिस्ती बसत, आणि मध्ये आडभिंत असे. 1910 साली धर्माधिकाऱ्यांनी ती भिंत पाडविली, तेव्हा वेल्लाळ मंडळी आपला हक्क बुडाला म्हणून न्यायालयात गेली. मद्रासच्या हायकोर्टाने त्यांची मागणी मान्य केली नाही.

खटला संपला, परंतु भिंत काही केवळ दगडचुन्याची नव्हती. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे मान्य केले. हा कबुलीजबाब दिल्याबद्दल आम्ही परिषदेचे अभिनंदनच करतो. कारण दोष नाकारणाऱ्यापेक्षा तो कबूल करणारा सुधारणेच्या अधिक जवळ असतो.

येथे कोणी म्हणतील, 'रूढी जुनी आहे; पीडितांनी जरा धीर धरावा.' ह्या युक्तिवादास आमचा सक्त विरोध आहे. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय धीराविषयीच आहे हे खरे; परंतु केवळ वचन ऐकून न थांबता त्याप्रमाणे वागा, हीही आज्ञा त्याच अध्यायात आहे. तेव्हा ज्यास दाराशी उभे केले त्यास धीराचा उपदेश करणे म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय. त्याने पिढ्यान्‌पिढ्या धीर धरलाच आहे. खरी चिकाटी हवी ती पुढच्या बाकावर बसणाऱ्यांस. जातभाई रुसोत, वर्गणी बंद पडो, तरी एकत्र बसण्याचा नियम दर रविवारी पाळणे, हीच त्यांची परीक्षा.

ह्यात ख्रिस्ती बांधवांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला, आणि 1947 साली पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हे ज्यांस आठवते त्यांस दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोठून येणार?

राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु शेजारी कोणास बसू द्यावे हे कायदा मनास शिकवू शकत नाही. ते काम उपासनेचे आहे. म्हणून प्रत्येक मंडळीने पुढील रविवारी आपले बाक, आपला प्रभुभोजनाचा प्याला आणि आपले कब्रस्तान ह्या तिन्ही ठिकाणी डोळसपणे पाहावे, आणि जेथे दोन रांगा दिसतील तेथे त्या मोडण्याचे काम त्याच दिवशी हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.