ढमढेऱ्यांच्या तळेगावातील एक अक्षर

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन आहेत. एक मावळातले, दाभाड्यांचे, आणि दुसरे आमचे, शिरूर तालुक्यातील वेळ नदीच्या काठचे, ढमढेऱ्यांचे. सरकारी दप्तरात ‘तळेगाव ढमढेरे’ अशी नोंद असली, तरी जुनी माणसे बोलताना ‘ढमढेऱ्यांचे तळेगाव’ असेच म्हणतात. आणि या दोन शब्दांत मराठीची अशी दोन अक्षरे शेजारी-शेजारी नांदतात, की ज्यांच्यावरून एखाद्या संगणकप्रणालीला मराठी खरोखर येते की नाही याची परीक्षा व्हावी. त्यांतला ‘ळ’ आता बहुधा सुखरूप असतो. ‘ऱ्या’ची स्थिती मात्र अद्याप चिंताजनक आहे, आणि ती चिंता केवळ व्याकरणाची नाही, हे गेल्या वर्षी एका प्रसंगाने माझ्या मनावर कायमचे बिंबले.

आमच्या शेजारच्या आबांची नात महाविद्यालयात शिकते. तिच्या एका अर्जातील दुरुस्तीची मुदत संपत आल्यामुळे आबा, ती आणि मी असे तिघे बाजारपेठेतील ई-सेवा केंद्रात जाऊन बसलो. ज्या संकेतस्थळावर तिने वर्षभरापूर्वी अर्ज भरला होता, त्याची मधल्या काळात नवी आवृत्ती निघाली होती; रंग प्रसन्न होते, अक्षरे मोठी होती, मांडणी सुटसुटीत होती. परंतु तिचे नाव घालून शोध घेताच ‘नोंद आढळली नाही’ एवढेच तीन शब्द पडद्यावर उमटले. तिच्या आडनावात ‘ऱ्हा’ येतो. जुन्या पावतीवरील आडनाव आणि पडद्यावरील आडनाव आम्ही काना-मात्रेसह ताडून पाहिले. तिळमात्र फरक नव्हता. ‘मग तू फॉर्म भरलाच नव्हता का गं?’ असे आबांनी हताश होऊन विचारले, तेव्हा त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. केंद्र चालवणारा तरुण मात्र शांतपणे म्हणाला, ‘आबा, थांबा जरा. तेव्हा मी दुसऱ्या कीबोर्डनं टाइप करायचो. त्यानं टाकून बघतो.’ त्याने कळफलक बदलला, तेच आडनाव पुन्हा लिहिले, आणि नोंद तत्काळ समोर आली. ‘दिसायला एकच आहे,’ तो म्हणाला, ‘पण आतनं वेगळं आहे.’

हे ‘आतून वेगळे’ असणे म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. संगणक अक्षर पाहत नाही. अक्षराला नेमून दिलेला अंक पाहतो. जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना असे अंक देणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिच्यात ‘ऱ्या’मधील तो अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. पहिल्या रीतीत साधा र, त्याचा पाय मोडणारे हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण असे तीन अंक लागतात. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्तचिन्ह असे दोनच. कागदावर दोन्हींचा परिणाम एकच, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन निराळी आडनावे ठरतात. याहून घातक प्रकार असा, की प्रणाली रचणारे पुष्कळ जण आलेल्या मजकुरातील अदृश्य खुणा ‘अनावश्यक’ समजून पुसून टाकतात. ती जोडखूण पुसली गेली, की ‘शेतकऱ्याला’ या शब्दाचा ‘शेतकर्याला’ होतो, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील दऱ्या, त्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र, होऊन बसतो. ज्या भाषेत ‘शेतकरी’ हा शब्द विभक्तीचा प्रत्यय घेताच हे अक्षर मागतो, त्या भाषेच्या मुलखात हे अक्षर किरकोळ कसे मानावे?

या विषयात आपण परके आहोत असेही नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांना संगणकावर बसवण्याच्या कामात तिचा वाटा मोठा होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची जी संकेतावली सिद्ध झाली, तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरच युनिकोडातील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. इस्कीला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला ते साल आणि युनिकोडाची पहिली आवृत्ती निघाली ते साल एकच, १९९१. ‘ॲ’ हे अक्षर त्या व्यवस्थेत स्वतंत्रपणे येण्यास २००८ साल उजाडले, आणि त्यापूर्वी घडवलेल्या टंकांत त्याच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसे. पेशवे दप्तरातील रुमालांत जी मोडी बांधलेली आहे, त्या मोडीलाही २०१४ साली निघालेल्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. म्हणजे पाया घातला गेला आहे; उणीव आहे ती त्यावर रोज नवे मजले चढवणाऱ्यांनी पायाकडे वाकून पाहण्याची.

आणि मजले खरोखरच रोज चढत आहेत. क्रोम या ब्राउझरची नवी आवृत्ती पूर्वी सहा आठवड्यांनी निघत असे. २०२१ च्या सप्टेंबरपासून हा अवधी चार आठवड्यांवर आणला गेला. संकेतस्थळे ज्या तयार साधनांवर उभारली जातात, त्यांचा वेग याहून कमी नाही. नवेपणाला माझा विरोध नाही. नव्या आवृत्तीत सुरक्षिततेच्या त्रुटी बुजवलेल्या असतात, आणि जुन्यालाच कवटाळून बसणाऱ्या दप्तराला चोर लवकर गाठतो, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की सार्वजनिक कामाच्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती म्हणजे दप्तर एका कारकुनाकडून दुसऱ्या कारकुनाच्या स्वाधीन होणे होय. आणि दप्तर स्वाधीन करताना यादी करून, प्रत्येक कागद मोजून, दोघांच्या सह्यांनी ते द्यावे-घ्यावे हा शिरस्ता आपल्या मुलकी कारभारात फार जुना आहे. तो शिरस्ता दप्तर कागदावरून पडद्यावर गेले म्हणून संपुष्टात येत नाही.

हे अगत्याने सांगण्याचे कारण असे, की आता दप्तर खरोखरच पडद्यावर गेले आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या छत्राखाली ठेवला जाणारा सातबारा, म्हणजे हक्काचा नमुना सात आणि पिकांचा नमुना बारा, आज डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीच्या ॲपद्वारे खातेदार आपल्या पिकाची नोंद बांधावर उभे राहून स्वतः करू लागला. उसाच्या, कांद्याच्या, बाजरीच्या शेतात मोबाइल हाती घेतलेला शेतकरी हे आमच्या शिवारातले नित्याचे दृश्य झाले आहे. ज्या नोंदीसाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे, ती स्वतःच्या हाताने करता येणे ही मी मोठी सुधारणा मानतो. पण म्हणूनच त्या हाताने लिहिलेले नाव दहा वर्षांनी, पाच आवृत्त्यांनंतर, वारसाच्या फेरफारावेळी जसेच्या तसे सापडले पाहिजे. जमिनीच्या कागदावरील एका अक्षराच्या फरकापायी भावाभावांत दावे चालल्याची उदाहरणे कोणत्या गावात नाहीत?

यावर कोणी म्हणेल, की नावाची एवढी मातबरी कशाला? माणसाला क्रमांक आहे, गावाला संकेतांक आहे, गटालाही क्रमांक आहे. यंत्राने अंकावरून ओळखावे, अक्षर कसेही असो. हा युक्तिवाद सोयीचा आहे, परंतु न्यायाचा नाही. क्रमांक यंत्रासाठी असतो. नाव माणसासाठी असते. आबांना आपला गट क्रमांक पाठ आहे, पण सातबारा हाती येताच त्यांचे बोट प्रथम वडिलांच्या नावाखालून फिरते, आणि ते नाव शुद्ध दिसले म्हणजेच तो कागद त्यांना आपला वाटतो. नावे रोमन लिपीत ठेवा, असे सुचवणारेही भेटतात. त्यांनी ‘तळे’ आणि ‘ताले’ हे दोन शब्द रोमनमध्ये लिहून पाहावेत आणि मग कोणते कोणते होते ते ओळखावे.

उपाय दुर्मीळ नाहीत, खर्चिकही नाहीत. सार्वजनिक कामाच्या प्रत्येक संकेतस्थळाने नवी आवृत्ती खुली करण्यापूर्वी मराठी शब्दांची एक छोटी परीक्षासूची चालवून पाहावी. तीत ‘ढमढेऱ्यांचे’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘ॲड.’, ‘तळेगाव’ असे दहा-वीस शब्द असले तरी पुरेत, आणि ते लिहिता, साठवता, शोधता व छापता आले तरच ती आवृत्ती उत्तीर्ण समजावी. अर्ध्या ऱ च्या दोन्ही रीती शोधाच्या वेळी एकच मानाव्यात; प्रणाली लिहिणाऱ्याला त्यासाठी मोजक्या ओळींचे काम आहे. पानाच्या शिरोभागी भाषा मराठी असल्याचा संकेत द्यावा. तो अवघ्या दोन अक्षरांचा असतो, आणि तो दिला म्हणजे ज्या टंकांत सोय केलेली आहे त्यांत मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप उमटतात. ही वळणे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरवली आहेत. तेव्हा शासनाच्या पानांवर तरी ती दिसावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि प्रत्येक बदलाबरोबर काय बदलले, जुनी नोंद कशी शोधावी, तक्रार कोठे करावी, याचे सोप्या मराठीतले निवेदन पहिल्याच पानावर असावे.

ही जबाबदारी मी केवळ सरकारवर टाकत नाही. शिरूर-दौंडच्या गावांतील मुले आज पुण्याच्या संगणक-कंपन्यांत काम करत आहेत. ज्यांच्या आजोबांचे नाव ‘ऱ’वाचून लिहिताच येत नाही, अशी ती मुले आहेत. प्रणालीची चाचणी करताना नमुन्यादाखल एखादे इंग्रजी नाव घालण्याचा प्रघात आहे. त्या जागी त्यांनी आपल्या आजोबांचे नाव घालून पाहावे. ते नाव यंत्रात शिरून, साठून, शोधल्यावर अक्षरशः तसेच परत आले, तर ती आवृत्ती लोकांच्या हाती देण्यास योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.

त्या दिवशी केंद्रातून निघताना आबांनी दुरुस्त अर्जाची छापील प्रत मागून घेतली, चष्मा पुसून तीवरचे आडनाव दोनदा वाचले, आणि ती घडी न घालता जुन्या सातबाराच्या कापडी पिशवीत, कागदांच्या सर्वांत वर ठेवली.