त्रिकोणी डोक्याचा भरवसा

पावसाळा लागला की ट्रेकच्या ग्रुपवर एक तक्ता फिरू लागतो. डोकं त्रिकोणी असेल तर साप विषारी, लांबट असेल तर बिनविषारी. दंशाच्या दोन खुणा दिसल्या तर घाबरायचं, जास्त दिसल्या तर निश्चिंत राहायचं. साप ओळखायला शिका म्हणजे डोंगरात धोका नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण तक्ता चुकीचा आहे आणि युक्तिवाद त्याहून घातक.

मण्यारच घ्या. आपल्याकडच्या अतिजहाल सापांपैकी ही एक, पण तिचं डोकं मानेहून जेमतेम रुंद. नागाने फणा काढलेला नसेल तर भलेभले त्याला धामण समजतात. उलट मांजऱ्याचं डोकं ठळक त्रिकोणी, आणि त्याच्या सौम्य विषाने माणसाच्या जिवाला धोका नसतो. तक्ता पाळणारा मांजऱ्याला ठेचणार आणि मण्यारीशेजारी निर्धास्त बसणार! खुणांचंही तेच. मण्यारीचे दात इतके बारीक की कित्येकदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. गुहेत जमिनीवर झोपलेल्याच्या पोटात पहाटे कळा येतात, पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही. आणि सोबतचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं.

तक्ता सोडा, पण नीट अभ्यास केला तर? जरूर करावा. ज्याला साप कळतो तो उगाच मारत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने सापाला मारणं गुन्हाच आहे. पण अभ्यास वेगळा आणि त्यावर जीव टांगणं वेगळं. मण्यारीसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बहुधा उलट. वाचायला सोपं आहे. वाटेवर मात्र संधिप्रकाशात गवतातून सरकलेलं वीतभर अंग दिसतं, डोकं आणि शेपूट दोन्ही गायब. रंगावरून ओळखू म्हणणाऱ्याने पावसात आंबोलीला जाऊन यावं. तिथला मलबार चापडा कधी हिरवा, कधी पिवळसर, कधी तपकिरी भेटतो.

म्हणून सवय अशी हवी की ओळख चुकली तरी बिघडू नये. कातळटप्पा चढताना वरच्या खाचेत न बघता हात घालायचा नाही. ओढ्याकाठची फांदी आधाराला धरण्याआधी ती नीट पाहायची. चापडा एकाच फांदीवर दिवसचे दिवस निश्चल बसून राहतो. कोकणच्या सड्यावर दगड उचकटायचा नाही, खाली फुरसं असू शकतं. आडवा ओंडका आला तर आधी त्यावर उभं राहायचं, पलीकडे पाहायचं, मग उतरायचं. घोट्यावर येणारे बूट, अंधारात टॉर्च आणि तंबूची चेन बंद, एवढं तरी हवंच. तंबूभोवती फिनेलचं रिंगण घालून साप थांबत नाही. घोणस फूत्कारते, फुरसं खवले घासून करकर आवाज करतं. तेव्हा मागे व्हायचं आणि त्याला वाट द्यायची.

आणि दंश झालाच तर? साप मारून दवाखान्यात न्या, हा सल्ला अजून दिला जातो. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो आणि वेळ जातो तो वेगळाच. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. डॉक्टर लक्षणं पाहतात, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर रक्तावर परिणाम करणारं विष भिनलंय हे कळतं. चापड्यावर हे प्रतिविष फारसं चालत नाही, तेव्हा लांबून काढलेला फोटो उपयोगी पडेल, पण तो मिळवायला सापामागे जाऊ नये. आवळपट्टी, ब्लेडचा काप, तोंडाने विष ओढणं, सगळं बंद. अंगठी आणि घड्याळ काढावं, हाताला किंवा पायाला काठी बांधून तो हलू देऊ नये, माणसाला चालवू नये. उचलून खाली आणावं आणि १०८ला फोन करावा.

गडावरून उचलून आणायला तास न् तास लागतात, म्हणून निघण्याआधीच पायथ्याशी विचारून ठेवलं पाहिजे: सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, रात्री डॉक्टर असतात का, गाडी कुणाची मिळेल? शनिवार-रविवारी येणारा प्रत्येक गट हे विचारू लागला तर त्या दवाखान्यावर लस ठेवण्याचा दबाव येईल. त्याची खरी गरज आपल्यापेक्षा गावाला जास्त आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यापाड्यातली होती.