सोबत कोण आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातली एक कार्यकर्ती मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून मुंबईला निघाली. वय पंचेचाळीस. रेशनच्या लढ्यापासून दारूबंदीपर्यंत सगळीकडे पुढे असणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रालयात निवेदन द्यायचे होते. संध्याकाळी सातला दादरला पोचणारी बस घाटात अडकली आणि पोचली रात्री साडेअकराला. मैत्रिणीचे घर पार अंबरनाथला. एवढ्या उशिरा तिकडे जाण्यापेक्षा रात्रीपुरती लॉजमध्ये खोली घ्यावी, असे तिने ठरवले. पैसे होते, ओळखपत्र होते.

पहिल्या लॉजमध्ये काउंटरवरच्या माणसाने ओळखपत्र हातातही घेतले नाही. तो तिच्या पाठीमागे दरवाज्याकडे पाहत होता. "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर उत्तर आले, "एकट्या लेडीजला रूम देत नाही." दुसऱ्या लॉजमध्येही तेच. तिसऱ्यातला मॅनेजर जरा गोड बोलला. "ताई, मिस्टरांना फोन लावून द्या, मग बघू." तिचे मिस्टर वारून नऊ वर्षे झाली आहेत. तसे तिने सांगितले, तर तो म्हणाला, "मग भावाला लावा. तुमच्या सेफ्टीसाठीच विचारतोय."

सेफ्टीसाठी विचारणाऱ्या तीन माणसांनी मिळून तिला मध्यरात्री रस्त्यावर बसवले.

ती फुलबाजाराकडे गेली. तिथे दिवे होते, चहावाला होता, फुलांच्या करंड्या उतरत होत्या. वसईकडची एक फूलवाली फुटपाथवर गोणपाट टाकून बसली होती. तिनेही विचारले, "सोबत कोण न्हाय?" आणि उत्तराची वाट न पाहता गोणपाटावर जागा केली. पहाटेपर्यंत दोघींनी झेंडूच्या माळा ओवल्या. सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन आमची मैत्रीण मंत्रालयात गेली आणि निवेदन देऊन आली.

पुढच्या बैठकीत तिने हे सगळे हसत हसत सांगितले. आम्ही मात्र हसू शकलो नाही. कारण तेव्हा टेबलावर आमच्या पुढच्या शिबिराचे निमंत्रणपत्र पडले होते आणि त्यात शेवटची ओळ होती : "शिबिर मुंबईत असल्याने भगिनींनी शक्यतो सोबत घेऊन यावे." लॉजवाल्याचाच प्रश्न, आमच्या लेटरहेडवर. आधीच्या शिबिराला दोन जणी का आल्या नाहीत, याचा उलगडा तेव्हा झाला. एकीचा मुलगा कामावरून सुट्टी घेऊ शकत नव्हता. दुसरीच्या नवऱ्याला बायकोने शिबिराला जाणेच नको होते. त्याला भांडावेसुद्धा लागले नाही. "मला वेळ नाही" एवढे म्हणणे पुरले. बाकीचे काम आमच्या पत्राने केले.

हा प्रश्न जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी त्यांनी बंगालमध्ये सेरामपूरला भाषण केले. त्यातला एक प्रश्न होता, एकटी का जातेस? अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी उत्तर दिले की नवऱ्यावर घरच्या माणसांची जबाबदारी आहे, म्हणून तो येऊ शकत नाही. त्याच भाषणात त्यांनी रस्त्यावरचा अनुभवही सांगितला. शाळेत जाताना लोक भोवती जमत, हसत, खडे मारत, दुकानदार थुंकत. म्हणजे रस्त्यावर त्रास देणारेही तेच आणि एकटी कशाला जातेस असे विचारणारेही तेच. आनंदीबाई नवरा किंवा एकही नातेवाईक सोबत नसताना बोटीत चढल्या. सोबत मिळेपर्यंत थांबल्या असत्या, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, धोका खरा आहे त्याचे काय? धोका खरा आहेच. ऑगस्ट २००२ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात इतर प्रवासी होते. एप्रिल २००५ मध्ये मरीन ड्राइव्हवरच्या पोलीस चौकीत, भर दिवसा, एका शिपायाने एका मुलीवर बलात्कार केला. कुंपणानेच शेत खाल्ले. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारात छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा तिच्यासोबत पुरुष सहकारी होता. त्याला बांधून ठेवले गेले. या घटना विसरून आपल्याला बोलता येणार नाही. पण त्या नीट पाहिल्या तर असे दिसते की पुरुषाची सोबत, दिवसाचा उजेड किंवा खाकी कपडा, यांतले काहीही एकट्याने पुरे पडत नाही. आणि घर? बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते. तरीही "घरी बसू नकोस, जपून राहा" असे मुलीला कोणी सांगत नाही.

मग शहरात बाई निर्धास्त कुठे असते? लोकलने जाणाऱ्या कोणालाही विचारा. गर्दीच्या वेळी महिला डब्यात भाजी निवडली जाते, टिकल्या-पिना विकल्या जातात, नवरात्रात भोंडला होतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली खास महिलांची लोकल सुरू झाली, ती बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या म्हणून. पण तोच महिला डबा रात्री अकरानंतर रिकामा झाला की छातीत धडधडते. कित्येक जणी तेव्हा उठून जनरल डब्यात, माणसांत जाऊन बसतात. पाटी तीच असते, नुसती माणसे गेलेली असतात. बाईला भीती शुकशुकाटाची असते आणि आधार वर्दळीचा, त्यातही बायकांच्या वर्दळीचा असतो. फुलबाजारात आमच्या मैत्रिणीला सांभाळले ते याच गोष्टीने. पहाटे तीनला तिथे बायका कामाला आलेल्या होत्या.

म्हणून "बायकांनी उशिरा बाहेर राहू नये" हा सल्ला उलटा पडतो. एक बाई घरी थांबली की बाहेर उरलेली बाई आणखी एकटी पडते. कायद्यानेही बराच काळ हेच केले. १९४८ च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात बंदी घातली, रात्रीच्या रस्त्यावर दिवे लावले नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने काम करता येईल असे म्हटले, आणि तिची सुरक्षितता व घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी ठरवली. दिशा बरोबर आहे. मालक ती पाळतात का, हे पाहणे आपले काम आहे.

'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल एक मोलाची गोष्ट मांडली आहे. बाईला शहरात दिसायचे असेल तर काहीतरी कारण दाखवावे लागते. हातात पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन. विनाकारण उभे राहण्याची मुभा पुरुषालाच. आमच्या मैत्रिणीजवळ तर कारणही होते, निवेदन होते. ते लॉजवाल्याला पुरले नाही. आणि आडनाव पाहून खोली नाकारली जाते, बुरखा पाहून नाकारली जाते, तेव्हा कारण विचारण्याचीही तसदी कोणी घेत नाही.

आता करायचे काय? बाईने काय काय जपावे, याची यादी सगळ्यांना पाठ आहे. तिच्याऐवजी काही हक्क पाठ करू या. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे, सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसले तरी तिला रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचे तर दिवसाच, आणि तेही ती जिथे चढली त्या स्टेशनवर किंवा जंक्शन, शेवटचे स्टेशन वा जिल्ह्याचे ठिकाण अशा स्टेशनावर. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिले आहे. "हद्द आमची नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका. फोनसाठी ११२, आणि रेल्वेत १३९.

दुसरे, मागण्या. बस-स्टँडवर रात्रभर उघडे, उजेडाचे, बाई कर्मचारी असलेले विश्रांतिगृह हवे. त्यासाठी एसटीचे तिकीट पुरेसे असावे. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना निम्मे भाडे झाले आणि बायका बाहेर पडल्या. पण बसमधून उतरल्यावर पुढे काय, हा विचार त्या सवलतीत नव्हता. रात्री चालू असलेली फुकट मुतारी हवी. याच मागणीसाठी मुंबईत २०११ साली मोहीम उभी राहिली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकांना आदेशही दिले. तरी प्रवासाला निघताना बायका अजून पाणी पिणे टाळतात. फेरीवाल्या बायकांना रात्री रस्त्यावरून हुसकावले जाते, तेव्हा आपण तिथे असले पाहिजे. कारण त्यांची टोपली उचलली की तिथला उजेडही जातो आणि वर्दळही.

तिसरे आपले घरचे. आमच्या गटाने निमंत्रणपत्रातली ती ओळ काढून टाकली. ओळ काढणे सोपे होते. तिच्या जागी काय लिहायचे, यावर दोन बैठका गेल्या. काही जणींना भीती होती की कोणाला काही झाले तर ठपका आपल्यावर येईल. ही भीती खोटी नाही. पण तिचे ओझे येणारीने का वाहावे? शेवटी असे ठरले की शहरातल्या सहा जणी आळीपाळीने रात्रीच्या गाड्यांना जातील, तिघींच्या घरी केव्हाही दार वाजवता येईल, आणि एकट्या बाईला विनातक्रार खोली देणाऱ्या लॉजची यादी आम्ही स्वतः फिरून करू. यादीत आजवर चारच नावे आहेत. तुमच्या शहरात अशी यादी असेल तर आम्हाला पाठवा. नसेल तर करायला घ्या.

नव्या पत्रातली ओळ अशी आहे : "एकट्या येत असाल तर गाडीची वेळ कळवा. गाडीला उशीर झाला तरी आम्ही स्टँडवर असू."