शिक्षण रचणाऱ्यांचे शिक्षण

बँकेच्या प्रशिक्षण विभागात नवे इन्स्ट्रक्शनल डिझायनर रुजू झाले, की त्यांचा पहिला पाठ बहुधा परिपत्रकाचीच लांबलचक प्रत असतो. त्यांना प्रथम रोखपालाच्या खिडकीशी बसवावे. हाती बनावट नोट, समोर अस्वस्थ ग्राहक. नोट परत न देता तीवर शिक्का मारणे, ग्राहकास पोच देणे, एकाच व्यवहारात अशा ५ वा अधिक नोटा निघाल्यास प्रकरण पोलिसांकडे जाते हे ध्यानी ठेवणे. रोखपालास एवढे बिनचूक साधले पाहिजे. पाठ त्यावरच रचावा.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार टप्प्यांत मांडले: प्रतिक्रिया, आकलन, वर्तन, परिणाम. आपण पहिल्यावरच संतुष्ट होतो. ‘भोजन उत्तम होते’ हाही अभिप्रायच! तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी रचनाकारास पुन्हा क्वचितच धाडले जाते.