स्क्रिप्ट दुसऱ्याच्या संगणकावरही चालली पाहिजे

मुक्त सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले असते, असे आपण अभिमानाने सांगतो. पण कोड फुकट मिळाला म्हणून तो आपल्या संगणकावर चालेलच असे नाही. कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना आवृत्तीचा क्रमांक घालणे, फोल्डरचे पत्ते बदलणे ही बारीक कामे 'बिल्ड स्क्रिप्ट' करते. त्यासाठी ती सेड, ऑक, ग्रेप, टीआर अशी छोटी साधने वापरते. अडचण ही, की नाव एकच असले तरी प्रत्येक संगणकावरचे साधन सारखे नसते.

सेडचेच घ्या. फाइलमध्ये जागच्या जागी बदल करणारा '-आय' हा पर्याय लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये एकटा चालतो. मॅकवरच्या सेडला मात्र त्यापुढे जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचे शेपूट द्यावे लागते, मग ते रिकामे का असेना. दिले नाही, तर तो आपली आज्ञाच शेपूट समजतो आणि फाइलचे नाव आज्ञा म्हणून वाचतो. काम तिथेच अडते.

"मग ग्नू सेड टाकून घ्या," हे उत्तर हमखास मिळते. मला ते पटत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये बसलेल्या मुलीला नवे काही टाकण्याची परवानगी नसते. लिहिणाऱ्याची दोन मिनिटे वाचतात, त्याची किंमत अनोळखी माणसे मोजतात.

उपाय अवघड नाहीत. सेडचा निकाल नव्या फाइलमध्ये घ्यावा आणि आज्ञा यशस्वी झाली तरच ती जुन्या फाइलच्या जागी ठेवावी. पॉझिक्स या मानकात नसलेले पर्याय टाळावेत. ऑटोकॉन्फच्या पुस्तिकेत अशा मर्यादांचे वेगळे प्रकरणच आहे. एचपी-यूएक्सवरचा सेड 99 आज्ञांपुढे जात नाही, अशी नोंदही त्यात सापडते.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर हा प्रश्न दुप्पट भिडतो. पॉझिक्स 2048 बाइटपर्यंतच्याच ओळीची हमी देते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणजे ही हमी 682 चिन्हांवर संपते. अनेक लिनक्सवरचा टीआर अक्षरे नव्हे, बाइट पाहतो. त्याला फक्त 'क' काढायला सांगितले, तरी त्यातले बाइट इतर अक्षरांतूनही जातात आणि सगळा मजकूर मोडतो. तिथे टीआरऐवजी सेड वापरावा.

"माझ्याकडे चालते" एवढ्यावर थांबणे हा निष्काळजीपणा आहे. स्क्रिप्ट प्रसिद्ध करण्यापूर्वी निदान लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालवून पाहावी. कोड खुला ठेवायचा आणि दाराला उंच उंबरा घालायचा, हे बरे नव्हे.